टॉवर स्पीकरच्या दोन जोड्यांतून एक निवडताना

अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घरात आहे, बजेट ठरलंय आणि गाडी टॉवर स्पीकरच्या, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरच्या, दोन जोड्यांवर येऊन अडली आहे, असं धरून चालतो. तीन जोड्या असतील तर एक आत्ताच काढून टाका, नाहीतर आठवडाभर नुसता गोंधळ होईल.

खोली मोजा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये प्रत्येकी दोन-दोन आठ इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा गोल पडदा) टॉवर नकोत. विषय संपला.

कॅटलॉगमधले दोनच आकडे वाचा. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला तो किती मोठा वाजतो ते (डेसिबलमध्ये). सेन्सिटिव्हिटी बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजलेली असते. आठ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यात एक वॉट जातो, चार ओहमच्याला दोन. म्हणजे चार ओहमवाल्याचे ‘९० डेसिबल’ दुप्पट वीज खाऊन आलेले असतात. ‘२५ हर्ट्झपासून पुढे’ असं लिहिलंय, पण तिथे आवाज किती डेसिबलने पडतो ते लिहिलेलं नाही? मग ती जाहिरात समजा.

दोन्ही जोड्या घरी मागवा. डिपॉझिट मागितलं तर द्या. घरी पाठवायला जो अजिबात तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आवाज सारखा करा. सगळं इथे बिघडतं. माझंही इथेच बिघडलं होतं. दुकानात एक जोडी ८६ डेसिबलची होती, दुसरी ९० ची. विक्रेत्याने व्हॉल्यूमला हात न लावता एकीवरून दुसरीवर स्विच फिरवला. दुसरी एकदम जिवंत वाटली, खर्ज भरदार, तंबोरा अंगावर येणारा. तीच घेऊन आलो. पंधरा दिवसांत कान शिणायला लागले, महिन्याभरात मी बातम्यासुद्धा त्यांच्यावर ऐकेनासा झालो. मी स्पीकर निवडलाच नव्हता, मोठा आवाज निवडला होता.

याला कारण आहे. आवाज वाढला की खालचे स्वर कानाला प्रमाणापेक्षा जास्त वाढल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. एका डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून लक्षातही येत नाही, नुसता ‘छान’ वाटतो. म्हणून ‘अंदाजाने सारखा केला’ हे मला सांगू नका. अंदाजाने होत नाही.

असं करा. ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग ‘शूऽऽ’ आवाज) डाउनलोड करा. फोनमधलं डेसिबल मोजणारं अ‍ॅप चालेल, कारण खरा आकडा आपल्याला नकोच आहे, फक्त फरक हवा आहे. फोन हातात धरू नका. तुम्ही बसता तिथे, कानाच्या उंचीवर, उशांच्या चळतीवर ठेवा आणि मग हलवू नका. फक्त डावा स्पीकर वाजवून ७५ च्या आसपास आणा. अ‍ॅम्पच्या बटणाभोवती मास्किंग टेप लावून पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या जोडीचा डावा लावा, तेच ७५ आणा, दुसरी रेघ मारा. अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. आता जोडी बदलली की बटणही त्या-त्या रेघेवर न्यायचं. वायर बदलताना अ‍ॅम्प बंद. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर स्पीकरआधी अ‍ॅम्प बदलावा लागेल.

बदलाबदली घरच्या कुणाला तरी करू द्या आणि मध्ये पातळ चादर टांगा. हसू नका. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की स्पीकर डोळ्यांना दिसत असले की ऐकणाऱ्यांचे गुण बदलतात, अगदी मुरलेल्या ऐकणाऱ्यांचेही. आमच्याकडे बायकोने वायरी बदलल्या आणि मी तीनदा स्वस्त जोडीला चांगलं म्हटलं. ते अजून ऐकवलं जातं.

जागा ठरवा. दोन्ही जोड्या फरशीवर खडूने आखलेल्या त्याच चौकटीत ठेवा, मागच्या भिंतीपासून निदान दीड फूट पुढे. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर तोही पुढे ओढा. भिंतीलगत खर्ज सगळ्यात जास्त साचतो. बारा फुटांची खोली ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, त्याच्या दुपटीला, ९४ ला, पुन्हा.

डग्गा ऐका. बास गिटारवाल्या डेमो ट्रॅकपेक्षा मला विलंबित ख्यालाची, तबला स्पष्ट असलेली एखादी जुनी रेकॉर्डिंग बरी वाटते. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की स्वर वर चढतो. तो चढताना ऐकू आला पाहिजे. मध्येच एका जागी फुगून ‘भुम्’ झाला आणि पुढचा चढ हरवला, तर ती जोडी तुमच्या खोलीची नाही. आधी स्पीकरच्या मागच्या पोर्टमध्ये (हवेच्या भोकात) पायमोजा गुंडाळून कोंबून बघा. त्यानेही भागलं नाही तर परत पाठवा.

वरच्या स्वरांसाठी तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण) पुरते. गाणारा तारसप्तकात गेला की ती खरखरीत होते का, एवढंच.

एक जोडी दोन-तीन संध्याकाळी सलग लावून ठेवा, मग दुसरी. खोकी मात्र माळ्यावर जपून ठेवा. थर्मोकोलशिवाय कुणी परत घेत नाही. आणि ठरलेल्या जोडीचे स्पाइक (खालचे टोकदार पाय) फरशीवर थेट टेकवू नका, टाइलला टोचे पडतात. मी प्रत्येकाखाली एक रुपयाचं नाणं ठेवतो.