जागतिक प्रश्नांचा विद्यार्थी सप्ताह: जुलै ते जानेवारीची तयारी

खानदेशातल्या महाविद्यालयात जागतिक प्रश्नांवरचा सहा दिवसांचा विद्यार्थी सप्ताह भरवायचा तर तारीख ऊन आणि परीक्षा ठरवतात. मार्चपासून जळगाव-भुसावळ तापायला लागतं आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेसाठी वर्गखोल्या केंद्राकडे जातात, दिवाळीच्या मागेपुढे विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा असतात. उरतो जानेवारी. त्यातही १२ ला युवा दिन, १४ ला संक्रांत, मग २६ जानेवारीच्या संचलनाची तालीम. संक्रांत आटोपल्यावर येणाऱ्या सोमवारी सुरू करून शनिवारी संपवावं. तयारी मात्र जुलैत, प्रवेश होऊन वर्ग सुरू झाले की लगेच सुरू करावी.

या तारखेत एक मोठी अडचण आहे आणि ती पहिल्याच बैठकीत मांडावी. स्थलांतर, कुपोषण, विस्थापन हे विषय ज्यांच्या अंगावरचे आहेत, त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातली कितीतरी कुटुंबं जानेवारीत घरी नसतातच. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेली असतात आणि होळीला, आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला परततात. म्हणून त्यांच्याशी बोलणं ऑगस्ट-सप्टेंबरातच व्हायला हवं. पाड्यावर जाऊन भेटावं, विषय समजावून सांगावा, बोलायची तयारी असेल तर त्यांच्या परवानगीनं चित्रण करून घ्यावं आणि जानेवारीत उसाच्या फडावरून फोनवर येता येईल का हेही तेव्हाच विचारावं. फोनची वेळ त्यांना ठरवू द्यावी. तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरायचं काम रात्रीही निघतं, त्यामुळे आपल्या सोयीची संध्याकाळी सहाची वेळ त्यांना बहुधा जमत नाही.

माणसं किती लागतात? ३०० विद्यार्थी आणि त्यांतले १२० बाहेरगावचे मुक्कामी धरले, तर ६० स्वयंसेवक पुरतात. कार्यक्रम, निवास, भोजन, प्रदर्शन, प्रवास, हिशेब अशा सहा तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीला एक प्रमुख व एक उपप्रमुख द्यावा. उपप्रमुख दुसऱ्या वर्षाचाच असावा, म्हणजे पुढच्या साली अनुभव गावात राहतो. हिशेब तुकडीत दोनच जण ठेवावेत आणि त्यांना दुसरं काहीही काम सांगू नये. पावत्या हरवतात त्या नेमक्या गर्दीच्या दिवशी, हिशेबवाल्यालाच पाणी वाटायला उभं केल्यामुळे.

परवानग्यांची फाइल नोव्हेंबरात तयार हवी. प्राचार्यांचं पत्र, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांची संमती, मांडवासाठी नगरपालिका किंवा महापालिकेची परवानगी, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याचं पत्र, तात्पुरत्या जोडणीसाठी महावितरणचा अर्ज. शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरला जातो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. शेजारी रुग्णालय असेल तर कर्णे बाहेर लावूच नयेत, आत उभे स्पीकर ठेवावेत. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे सांस्कृतिक कार्यक्रम साडेनऊला संपेल असाच आखावा.

पैशाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. विषय जागतिक आहे म्हणून परदेशातला कोणी ओळखीचा वर्गणी पाठवू म्हणाला, तरी विदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी नसताना ती घेता येत नाही. नम्रपणे नाही म्हणावं. परदेशी पाहुणा वसतिगृहात उतरणार असेल तर २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती भरावी लागते. हे काम अधीक्षकांशी महिनाभर आधी बोलून ठेवावं. मांडव, जेवण, छपाई यांची तीन-तीन कोटेशनं घ्यावीत आणि फलक कापडाचेच करावेत. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या साहित्यातून ते नगर सजवलं होतं. त्याच मातीत फ्लेक्सचे ढीग लावणं शोभत नाही. शिवाय कापडी फलकावरची तारीख बदलून तो पुढच्या वर्षी वापरता येतो.

आता विषय. १७ शाश्वत विकास ध्येयं आणि त्यांची १६९ लक्ष्यं एका आठवड्यात कोंबू नयेत. सहा दिवसांना सहा विषय पुरे: विस्थापन, अन्न, पाणी, आरोग्य, स्थलांतर आणि शेवटच्या दिवशी निर्णय कोण घेतो हा प्रश्न. प्रत्येक विषयाचं एक टोक जगात आणि एक आपल्या जिल्ह्यात हवं. विस्थापनाच्या दिवसासाठी तर लांब जायचीही गरज नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात बुडालेलं गाव जागतिक बँकेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९८५ मध्ये बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले, १९९२ मध्ये स्वतंत्र समितीनं पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी बँकेनं बाधितांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ नेमलं आणि १९९४ मध्ये अनेक देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्धचं निवेदन मणिबेलीच्याच नावानं काढलं. हा घटनाक्रम एका लांब कापडी पट्टीवर लिहून प्रवेशद्वारापासून सभागृहापर्यंत लावावा आणि त्या दिवशीचे मुख्य वक्ते तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीतले असावेत. प्राध्यापकांनी त्यांच्यानंतर बोलावं.

हे नुसतं म्हणून होत नाही. त्यासाठी भाषा, वेळ आणि मानधन या तीन गोष्टींची सोय लागते. वक्त्या ताई पावरी किंवा भिली भाषेत बोलणार असतील तर त्यांना मराठीत बोलायचा आग्रह करू नये. दोन दुभाषे घ्यावेत, दर वीस मिनिटांनी बदलावेत, कारण सलग भाषांतर करणारा माणूस थकला की वाक्यं गाळायला लागतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आदल्या दिवशी दुभाष्यानं वक्त्यांसोबत तासभर बसून गावांची, झाडांची, कागदपत्रांची नावं लिहून घ्यावीत. वीस मिनिटांच्या भाषणाला भाषांतरासह पाऊण तास धरावा. मानधन पुण्या-मुंबईच्या पाहुण्याइतकंच आणि त्याच दिवशी द्यावं. बँकेत जमा होईल असं सांगून पाठवू नये. धडगावकडच्या वक्त्यांना रात्री चांदसैली घाट चढून घरी पोचवण्यापेक्षा मुक्कामाची सोय करावी आणि सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर गाडीत बसवून द्यावं.

प्रदर्शन हा या सप्ताहाचा गाभा, म्हणून त्यावर सर्वात जास्त दिवस खर्च करावेत. तक्ते कोणी वाचत नाही, पण मैदानावर आखलेली निर्वासित छावणी प्रत्येक जण चालून बघतो. मानवतावादी मदतीची जी किमान मानकं ‘स्फिअर’ नावानं जगभर वापरली जातात, त्यांत माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर धरलेलं आहे. पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर. मैदानावर साडेतीन बाय पाच मीटरचा आयत फक्कीनं आखावा, एका बाजूला बांबू रोवून ताडपत्री ताणावी, आत पाच अंथरुणं, एक पेटी, एक चूल, दोन भांडी ठेवावीत आणि पाच विद्यार्थ्यांना अर्धा तास तिथे बसवावं. वळकटी कुठे ठेवायची, लेकराला कुठे झोपवायचं, बाईनं कपडे कुठे बदलायचे, हे प्रश्न त्यांचे तेच विचारायला लागतात.

पाण्याचं गणित असंच करून दाखवावं. किमान प्रमाण माणशी दिवसाला १५ लिटर, पाणवठा घरापासून ५०० मीटरच्या आत, रांग ३० मिनिटांपेक्षा लांब नको. ४०० मीटरच्या धावपट्टीवर सव्वा फेरी म्हणजे ५०० मीटर. १५ लिटरचा हंडा भरून तेवढं अंतर नेऊ द्यावं. पाच माणसांना ७५ लिटर, म्हणजे पाच खेपा, म्हणजे जाऊन-येऊन रोज पाच किलोमीटर आणि त्यातलं निम्मं डोक्यावर ओझं घेऊन. शेजारी एक नळ लावावा. एका नळावर २५० माणसं हे प्रमाण मिनिटाला साडेसात लिटर धार धरून काढलेलं आहे; २५० जणांचं ३७५० लिटर पाणी भरायला तो नळ ८ तास २० मिनिटं अखंड चालावा लागतो. महाविद्यालयाच्या नळाची धार आधी बादली आणि घड्याळ घेऊन मोजावी. ती कमी निघाली तर तोच आकडा पाटीवर लिहावा, मानकाचा आकडा खोटा चिकटवू नये. हंडा नेणाऱ्यांमध्ये मुलगे अर्धे तरी हवेत, नाहीतर घरचीच वाटणी मैदानावर उतरते. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांना आग्रह करू नये.

अन्नाच्या दालनात दोन ताटं शेजारी मांडावीत. छावणीत माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी धरतात. त्याचा एक रूढ नमुना म्हणजे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम पौष्टिक पीठ, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मीठ. दुसऱ्या ताटात आपल्या अन्न सुरक्षा कायद्यातलं, २०१३ पासूनचं, प्राधान्य कुटुंबातल्या माणसाचं महिन्याचं ५ किलो धान्य ३० दिवसांत वाटून ठेवावं: दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. रेशन हा पूर्ण आहार नाही, आधार आहे, हे पाटीवर स्पष्ट लिहावं, म्हणजे तुलना अन्यायाची होत नाही. वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करावं. डोळ्यानं मांडलेलं ताट नेहमी जास्तच भरतं.

आरोग्याच्या दालनात दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी ठेवावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तो लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यापुढे हिरवा. जाड कागदाची साडेअकरा सेंटिमीटरची कडी चिकटवून प्रत्येकाच्या हातात द्यावी. तिचा व्यास पावणेचार सेंटिमीटरही भरत नाही. मोठ्या माणसाची दोन-तीन बोटंच आत जातात. ती कडी हातात घेतली की व्याख्यानाची गरज उरत नाही. पण खरी बाळं आणून गर्दीसमोर मोजू नयेत, ते काम अंगणवाडी सेविकेचं आणि अंगणवाडीतलं. कुपोषित मुलांचे चेहरे दिसतील असे फोटोही लावू नयेत. याच टेबलावर जीवनजल करून दाखवावं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचाच हवा. पोह्याचा चमचा वापरला किंवा शीग लावून मीठ घातलं तर पाणी खारट होतं आणि जुलाब झालेल्या बाळाला ते अपायकारक ठरतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं असंच पाणी पाजून माणसं वाचवली, ही माहिती पाटीवर जरूर असावी.

मुक्कामाची जागा आपल्याच मानकांवर तपासावी. वीस माणसांमागे एक शौचालय, म्हणजे १२० मुक्कामींना सहा चालू शौचालयं हवीत, आणि मुलींकडे जास्त. प्रत्येकात झाकणाची कचरापेटी, आतून लागणारी कडी आणि रात्री दिवा. कडी रात्री आत उभं राहून लावून बघावी. धुळ्याकडे जानेवारीत पारा एक आकडी उतरतो, त्यामुळे माणशी एक सतरंजी आणि दोन ब्लँकेटं धरावीत. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे कित्येक तास उशिरा भुसावळला पोचतात, म्हणून उत्तरेचा वक्ता उद्घाटनाला ठेवू नये आणि स्थानकावर दोन पाळ्यांत माणूस ठेवावा.

जेवणाला वरण-बट्टी सोपी, कारण ती तयार ठेवता येते आणि पनीर-खव्यासारखी पटकन नासत नाही. १०० माणसांना १५ किलो गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडा मका, ५ किलो तुरीची डाळ, १५ किलो भरिताची वांगी आणि अडीच किलो तूप लागतं. बट्टी आधी वाफवून घ्यावी, तळण पंगतीच्या वेळीच काढावं. वांगी भाजायला वेळ लागतो, तो आचाऱ्याशी आधीच बोलून घ्यावा. भरीत सकाळी करून दुपारपर्यंत झाकून ठेवलं की आंबतं.

विजेचा हिशेब कागदावर करावा. ध्वनियंत्रणा २ किलोवॅट, १०० वॅटचे १२ एलईडी दिवे, प्रोजेक्टर आणि लॅपटॉप मिळून ४ किलोवॅटच्या आत बसतं, साडेसात केव्हीएचा जनरेटर पुरतो. चहाचा इलेक्ट्रिक बॉयलर मात्र कधीच या जोडणीवर लावू नये. ऐन भाषणात एमसीबी (जास्त भार आला की आपोआप वीज तोडणारा खटका) पडतो तो त्याच्यामुळे. फडावरचा फोन घेताना व्हिडिओचा हट्ट नको. साधा कॉल मिक्सरला जोडावा, वक्त्यांचा फोटो त्यांना चालणार असेल तर पडद्यावर ठेवावा आणि आवाज तुटलाच तर सप्टेंबरात केलेलं चित्रण लावावं.

रविवारी मांडव उतरेल, भांडी मोजून परत जातील. त्याच आठवड्यात जमाखर्च सूचनाफलकावर लागला पाहिजे. आणि पाड्यावर ज्यांनी ज्यांनी बोलू दिलं, त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषणाचं चित्रण पेनड्राइव्हवर घालून ग्रामपंचायतीत किंवा शाळेत पोचवावं. लिंक पाठवून भागत नाही, तिथे नेटवर्क मिळेलच असं नाही. होळीला लोक घरी आलेले असतात, तेव्हा दोघा-तिघांनी जाऊन ते सर्वांसमोर लावावं आणि कुठलं वाक्य काढून टाकायला हवं का, हे विचारून यावं.