मधमाशीपालकांचे मंडळ कसे चालवावे आणि त्याचे कार्यकर्ते कसे निवडावेत: नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

मधमाशीपालकांच्या मंडळाची खरी परीक्षा फेब्रुवारी संपताना होते. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्राबागांतला अंबिया बहार ओसरत आलेला असतो, सगळ्यांच्या पेट्यांतल्या पोळ्याच्या चौकटी एकाच आठवड्यात मधाने भरतात आणि मध काढायचे यंत्र मंडळाकडे एकच असते. ते कोणाच्या घरी आहे, धुतलेले आहे का, पुढची पाळी कोणाची, हे सांगणारा माणूस आधीपासून नेमलेला असेल तर मंडळ टिकते. म्हणून आधी पदे ठरवून मग माणसे शोधत बसू नका. वर्षभरात कोणती कामे पडतात ते पाहा, त्या कामांचीच पदे करा आणि निवडणूक अशा महिन्यात घ्या की नव्या माणसाला हंगामाआधी कामावर हात बसवता येईल.

आधी माशी ठरवा

सुरुवातीला सात ते बारा जण पुरे. त्यांतल्या निदान तिघांकडे स्वतःच्या पेट्या असाव्यात, नाहीतर बैठका होतात आणि पेटी कोणीच उघडत नाही. पहिल्याच बैठकीत ठरवा की मंडळ मेलिफेरावर, म्हणजे युरोपीय मधमाशीवर काम करणार की सातेरी या देशी माशीवर. मेलिफेराला दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी लागते, सातेरीची पेटी आणि चौकट त्याहून लहान. एकीच्या चौकटी दुसरीला बसत नाहीत, त्यामुळे सामायिक सामान दुप्पट घ्यावे लागते. शिवाय फुलोरा कमी झाला की मेलिफेराच्या माश्या जवळच्या सातेरीच्या पेटीवर लुटीला येतात. मंडळात दोन्ही पाळणारे असतील तर प्रात्यक्षिकाच्या जागा वेगळ्या ठेवा. ज्यांना फुलोऱ्यामागे पेट्या हलवायच्या नाहीत, परसात दोन-चारच ठेवायच्या आहेत, त्यांनी सातेरीपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

पहिला हंगाम नोंदणीविना काढा. माणसे एकमेकांना पारखतात, कोण वेळेवर येतो ते कळते. मगच कागदपत्रांकडे वळा.

नोंदणी आणि घटना

महाराष्ट्रात असे मंडळ संस्था नोंदणी अधिनियम 1860 आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 या दोन्हींखाली धर्मादाय कार्यालयात नोंदवले जाते. किमान सात जण लागतात. उद्देशांचा मसुदा घाईत दुसऱ्या संस्थेच्या कागदावरून उतरवू नका. उद्देश पुढे बदलायचे तर खास सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन तो ठराव तितक्याच मतांनी पुन्हा मंजूर करावा लागतो. प्रशिक्षण, सामायिक साधने, मोहोळांचे संरक्षण, सभासदांच्या मधाची एकत्र विक्री हे सगळे पहिल्यांदाच लिहून टाका.

वर्गणी, मताचा हक्क, गणपूर्ती, मुदत या चार गोष्टी घटनेत आकड्यांत लिहा. वर्गणी सगळ्यांना एकच ठेवा. शंभर पेट्यावाल्याने जास्त भरली की त्याला जास्त बोलावेसे वाटते. मताचा हक्क सहा महिने जुन्या सभासदालाच असावा. ही एक ओळ नसेल तर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात एकाच गल्लीतले वीस नवे सभासद दाखल होतात.

माश्यांच्या वर्षाप्रमाणे मंडळाचे वर्ष

ऑक्टोबरपासून तूर फुलू लागते, मग मोहरी, धने, जवस, करडई, जानेवारी-फेब्रुवारीत संत्रा-मोसंबी आणि एप्रिलपर्यंत कडुनिंब, करंज. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की माश्यांची अर्धी शक्ती पाणी वाहण्यात जाते आणि नवी, कोवळी पोळी मऊ पडून कोसळतात. त्या दिवसांत पेट्यांना सावली, झाकणावर ओले गोणपाट आणि पाणवठा लागतो. पाणवठ्यात खडे टाकलेले हवेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पावसाळ्यात खायला कमी. एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून केलेला पाक संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. दिवसा बाहेर सांडलेला पाक म्हणजे लुटीला आमंत्रण.

महिन्याची बैठक पेटीशेजारी घ्या. चहा नंतर. दर बैठकीला एकच काम सगळ्यांनी हाताने करायचे. मेलिफेरा असेल तर व्हरोआ या माश्यांवर जगणाऱ्या परजीवी कोळ्यांची मोजणी हे त्यासाठी फार चांगले काम आहे. पिल्लांच्या चौकटीवरच्या अर्धी वाटी, म्हणजे साधारण 300 माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यांत नाही ना, हे दोघांनी पाहायचे. वरून दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी मिनिटभर हळू फिरवा, दोन मिनिटे तशीच ठेवा आणि मग पांढऱ्या ताटलीत थोडे पाणी घेऊन त्यावर हलवा. साखर विरघळते आणि तांबूस कोळी वर दिसतात. नऊ कोळी म्हणजे तीन टक्के. अशा पेटीकडे लगेच लक्ष द्यायला हवे. साखर माखलेल्या माश्या पेटीत परत सोडा, बाकीच्या माश्या त्यांना चाटून साफ करतात. आकडा तारखेसह वहीत उतरवा. तीन-चार वर्षांची अशी वही ही मंडळाची सगळ्यात मौल्यवान मालमत्ता ठरते.

सामायिक सामान: इथेच जास्त काळजी घ्या

मध काढणी यंत्र, धूर देणारा स्मोकर, बुरखे, चौकटी सोडवायची पटाशी, मेण वितळवायचे भांडे आणि मधातल्या पाण्याचे प्रमाण मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर, एवढे मंडळाने घ्यावे. यंत्र स्टेनलेस स्टीलचे आणि चार चौकटींचे असावे. पत्र्याच्या यंत्राला गंज चढतो आणि तो मधात उतरतो.

यंत्राच्या पाळ्या जानेवारीत चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येकाला दीड दिवस. उशीर झाला तर दंड, आणि तो अनामत रकमेतून. यंत्र परत देताना आधी थंड, मग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेले हवे. सुरुवातीलाच कढत पाणी ओतले तर चिकटलेले मेण वितळून जाळीभर पसरते आणि मग निघता निघत नाही. यंत्र धुताना ते पाणी अंगणात ओतू नका. आजूबाजूच्या सगळ्या माश्या तिथे जमतात आणि एका पेटीतला रोग दुसरीत जातो. त्याच कारणाने पोळ्यासकट चौकटी सभासदांनी एकमेकांना उसन्या देऊ नयेत.

मध काढायला कोणी घाई करत असेल तर साहित्यप्रमुखाने यंत्र नाकारण्याचा अधिकार वापरावा. चौकटीचा निदान तीन-चतुर्थांश भाग मेणाने बंद झालेला हवा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी 20 टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त पाण्याचा मध बरणीत आंबतो, आणि एका सभासदाची आंबलेली बरणी सगळ्या मंडळाचे नाव घालवते.

हंगामानंतरच्या रिकाम्या पोळ्यांना मेणकिडा लागतो. बंद पेटाऱ्यात गंधकाची धुरी देतात, पण तिने अंडी मरत नाहीत. म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा धुरी द्यायची. हे काम एप्रिलमध्ये ज्याच्या नावावर लिहिलेले नाही, ते जूनमध्ये जाळी-जाळी झालेल्या चौकटी दाखवते.

मोहोळाचे फोन

मंडळाचे नाव पसरले की घराजवळ मोहोळ बसल्याचे फोन सुरू होतात. यासाठी वेगळा माणूस आणि मंडळाच्या नावाचा वेगळा नंबर ठेवा. फोनवर आधी फोटो मागा. गच्चीच्या टाकीखाली किंवा उंच इमारतीच्या सज्जाला हातभर रुंद, उघडे, एकच पोळे लटकत असेल तर ते आग्या मोहोळ. ही माशी पेटीत राहत नाही. तिला जाळू नका, दगड मारू नका. फुलोरा संपला की ती सहसा आपणहून निघून जाते. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा आणि दिवाळीचे फटाके तिला चवताळवतात, म्हणून त्या दिवसांपुरती ती जागा दोरी लावून बंद करायला सांगा. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे असेल तर फुलोरी, तिचा त्रास जवळजवळ नसतो. मीटरच्या डब्यात किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक समांतर पोळी असतील तर सातेरी, आणि तीच पेटीत नेता येते. पोळे नाही, नुसता माश्यांचा घोस लोंबतोय, तर ती विसाव्याला थांबलेली झुंड. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उडून जाते.

डंख लागला तर काटा नखाने लगेच खरवडून काढा, त्या जागी पुन्हा डंखायला बोलावणारा वास राहतो. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा अंगभर गांधी उठल्या तर वाट न पाहता 108 ला फोन. हा नियम प्रत्येक पेटीस्थळावर मोठ्या अक्षरांत लावा.

पदे किती आणि कोणती

सात जणांची समिती बास. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, साहित्यप्रमुख, मोहोळ-संपर्क, प्रशिक्षणप्रमुख आणि बागायतदारांशी बोलणारा एक जण. शेवटच्या पदाला कमी लेखू नका. संत्र्याला नवती फुटताना सिल्ला किडीसाठी फवारणी होते आणि तीच वेळ फुलांची असते. पेट्या ठेवण्याआधी बागवाल्याशी बोलून फवारणीची तारीख कळवायचे ठरले असेल आणि फवारणी उन्हे उतरल्यावर होत असेल तर वसाहती वाचतात. प्रशिक्षणप्रमुखाने महाराजबागेच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागाशी, तसेच पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेशी संपर्क ठेवावा आणि सभासदांची मधुक्रांती या मधमाशीपालकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी.

मुदत दोन वर्षे, पण सगळे एकदम बदलू नयेत. एका वर्षी चार जागा, पुढच्या वर्षी तीन. अध्यक्षाला सलग दोनच मुदती.

निवडणूक: जुलैचा शेवटचा रविवार

पेरण्या उरकलेल्या असतात, पोळा आणि गणपती बहुधा पुढे असतात, पेट्यांना पाक देण्यापलीकडे फारसे काम नसते. 31 मार्चचे हिशेब तोवर तपासून तयार होऊ शकतात. नवी समिती ऑगस्टमध्ये बसली की ऑक्टोबरच्या फुलोऱ्याआधी तिला दोन महिने मिळतात.

30 जूनला मतदार यादी बंद करून सभासदांना दाखवा. उभा न राहणारा एक जण निवडणूक अधिकारी नेमा. बाहेरचा विश्वासू शिक्षक मिळाला तर उत्तम. सभेची नोटीस 21 दिवस आधी द्या, तीत तारीख, वेळ, जागा, विषयपत्रिका आणि रिकाम्या जागांची यादी हवी. व्हॉट्सॲपवर टाकाच, पण सहीची प्रतही फिरवा. पुढे कोणी ‘मला कळलेच नाही’ म्हटले तर तीच कामी येते. अर्ज सभेच्या दहा दिवस आधीपर्यंत, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने. अर्जावर एक ओळ सक्तीची करा: या पदासाठी महिन्याला किती तास देणार आणि सामान ठेवायला जागा आहे का. साहित्यप्रमुखाला जागा नसेल तर यंत्र पुन्हा घरोघर फिरते. माघार तीन दिवस आधीपर्यंत.

बिनविरोध निवड होत असेल तर होऊ द्या, पण सभेत उभे करून ‘तूच हो रे’ म्हणत कोणाला गळ घालू नका. असा माणूस नाही म्हणत नाही आणि डिसेंबरात फोन उचलत नाही.

मतपत्रिकेवर नावे अकारविल्हे, मागे शिक्का आणि अधिकाऱ्याची सही. प्रत्येकाला जागा असतील तितकीच मते. जास्त खुणा असतील तर ती मतपत्रिका बाद. कोणाच्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचे नाही. मोजणीआधी हजेरीच्या सह्या आणि पेटीतल्या मतपत्रिका यांची संख्या जुळवा, मग सर्वांसमोर एकेक वाचून फळ्यावर रेघा ओढा. सारखी मते पडली तर चिठ्ठी. मतपत्रिका पाकिटात बंद करून वर्षभर ठेवा.

गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरवण्याची तरतूद बहुतेक घटनांत असते. त्या सभेत हिशेब मंजूर करा, निवडणूक मात्र पुढच्या तारखेला ढकला. आठ जणांनी निवडलेल्या अध्यक्षाचे बाकीचे चाळीस जण ऐकत नाहीत.

कारभार सोपवणे

निकालाच्या दिवशीच इतिवृत्त लिहून सह्या घ्या. सामानाची यादी प्रत्यक्ष समोर ठेवून मोजा: किती बुरखे, त्यांतले फाटके किती, यंत्राचे दात झिजलेत का. जुन्या कोषाध्यक्षाने पासबुक, पावतीपुस्तके आणि न दिलेली बिले एका कागदावर सही घेऊन द्यावीत. बँकेत दोघांच्या सहीने व्यवहार होतो म्हणून ठरावाची प्रत आठवड्यात पोहोचवा, नाहीतर साखर घ्यायच्या वेळीच खाते अडकते. मोहोळाच्या फोनचे सिमकार्ड, वह्या आणि ईमेलचा पासवर्ड नव्या सचिवाकडे द्यावा. समिती बदलल्याचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत दाखल करावा लागतो. जुलैअखेरच्या निवडणुकीसाठी ही मुदत ऑक्टोबरअखेर संपते आणि तेव्हा सगळे पेट्यांत गुंतलेले असतात, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या बैठकीतच कागद तयार करून जबाबदारी एकाच्या नावावर लिहा.