खेळाच्या कपड्यांची जाहिरात बारकाईने कशी पाहावी

पहाटे पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा तळजाईच्या वाटेवर जी माणसे दिसतात, त्यांतली फार थोडी खेळाडू असतात. बाकीची बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी आणि गुडघे सांभाळत चालणारी असतात. खेळाचे बूट आणि कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या उत्तम जाहिराती याच माणसांशी बोलतात. त्या मन कसे वळवतात हे समजून घ्यायचे असेल, तर एक जाहिरात निवडून ती किमान तीनदा पाहावी, आणि पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवावा.

आवाज बंद असताना पडद्यावर कोण आहे एवढेच टिपावे. अ‍ॅरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. विश्वासार्हता म्हणजे प्रसिद्धी, असा समज येथे बाजूला ठेवावा. नायकीच्या ‘जस्ट डू इट’ या घोषवाक्याची पहिली जाहिरात १९८८ साली आली, तेव्हा तिच्यात वॉल्ट स्टॅक नावाचे ८० वर्षांचे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून धावत होते आणि आपण रोज सकाळी १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, धावतो असे सांगत होते. विश्वविजेत्याकडे पाहून आपल्याला आदर वाटतो. या आजोबांकडे पाहिल्यावर मात्र ‘आता वय झाले’ ही आपली सबब टिकत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना भावनेकडे लक्ष द्यावे आणि येथे घाई करू नये. नायकीच्याच २०१२ सालच्या एका जाहिरातीत बारा वर्षांचा एक स्थूल मुलगा रिकाम्या रस्त्यावरून कॅमेऱ्याकडे धावत येतो. त्याचा वेग कमी आहे, त्याला धाप लागली आहे, आणि जाहिरात यातले काहीही लपवत नाही. थोरवी निवडक लोकांचीच नसते, असे निवेदक सांगतो. माझ्या मते तिची खरी ताकद त्या शब्दांपेक्षा त्या न लपवलेल्या दमछाकीत आहे. तरीही असे दृश्य पाहताना स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा: या मुलाला आपण मान देत आहोत की त्याची कीव करत आहोत? शिवाय जाहिरातीमागची व्यावसायिक परिस्थितीही शोधावी. त्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकची अधिकृत प्रायोजक आदिदास होती, नायकी नव्हती. म्हणून नायकीने जगातल्या ‘लंडन’ नावाच्या इतर ठिकाणच्या सामान्य माणसांना पडद्यावर आणले. एवढ्याने त्या भावनेची किंमत कमी होते असे मला वाटत नाही, पण ती भावना कोठून आली हे त्यामुळे कळते.

तिसऱ्या वेळी शब्द ऐकावेत आणि ते मराठीत लिहून पाहावेत, कारण इंग्रजीतला ‘यू’ जे झाकतो ते मराठीत झाकता येत नाही. ‘तू’ लिहायचे की ‘तुम्ही’, हे ठरवताना बोलणारा आपला कोण लागतो हेही ठरवावे लागते. तालमीतला वस्ताद ‘चल, काढ जोर’ म्हणेल, आई ‘ऊठ बाळा, जमेल तुला’ म्हणेल, आणि मित्र ‘अरे, कर की!’ म्हणेल. यांपैकी जो आवाज चपखल बसतो, तोच नातेवाईक होऊन कंपनी आपल्याशी बोलत असते.

तर्क अशा जाहिरातींत कमी असतो. जेथे असेल, तेथे पुरावा मागावा. बुटांमुळे पाय आणि नितंबांचे स्नायू अधिक घट्ट होतात, अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रीबॉकवर कारवाई केली आणि २०११ साली कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी अडीच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. म्हणून कागदाचे दोन भाग करून एका बाजूला ‘तुला जमेल’ असे सांगणारी वाक्ये आणि दुसऱ्या बाजूला ‘या बुटाने जमेल’ असे सांगणारी वाक्ये लिहावीत. बहुतेक वेळा पहिली बाजू भरते, दुसरी जवळजवळ कोरी राहते, आणि तेथे केवळ कंपनीचे चिन्ह उरते.

चित्रफितीचा वेग झेपत नसेल, तर जंगली महाराज रस्त्यावरून जाताना एखाद्या दुकानाच्या काचेवरील स्थिर जाहिरातीपासून सुरुवात करावी आणि चेहऱ्याला किती जागा दिली आहे, बुटाला किती, हे आधी पाहावे.