तिहाई समेवर आणायची कशी

एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर) आणायचा, ही तिहाई. तबला असो, कथक असो की सतारीची गत, हिशोब तोच. ‘भरपूर तिहाया पाठ करा, आपोआप जमेल’ हा सल्ला मात्र सोडून द्या. पाठ केलेली तिहाई एक मात्रा उशिरा उचलली की सम हुकलीच, आणि मग काय करायचं ते पाठांतर सांगत नाही.

तीनताल हातावर धरा: टाळी 1, 5, 13 वर, खाली (टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा) 9 वर. तुकडा पाच मात्रांचा घ्या: तिट कत गदि गन धा.

खरी मेख पुढे आहे. आवर्तन (तालाची एक फेरी) 16 मात्रांचं म्हणून बहुतेक जण 16 मात्रांतच तिहाई कोंबतात आणि शेवटचा धा समेच्या आधीच आपटतो. सम ही पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. तेव्हा पहिल्या मात्रेपासून उचललेल्या तिहाईसाठी मोजायच्या 17. पाच त्रिक पंधरा, उरल्या दोन. तुकड्यांमधल्या जागा दोनच, म्हणून दम, म्हणजे तुकड्यांमधली रिकामी जागा, एकेक मात्रेचा. तिसऱ्या तुकड्यानंतर दम नसतो. तोही हिशोबात धरणाऱ्याची तिहाई जन्मात बसणार नाही.

दम म्हणजे श्वास घेण्याची सवलत नव्हे, ती मोजलेली मात्रा आहे. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. धा स्वतःची मात्रा घेतो, दम त्याच्या पुढच्या मात्रेवर. पहिला धा 5 वर, थेट टाळीवर पडतो, 6 रिकामी. दुसरा तुकडा 7 ते 11, मग 12 रिकामी. तिसरा 13 च्या टाळीवर उचलायचा. या दोन टाळ्या सापडल्या तर तुम्ही लयीत आहात. 12 वरचा दम गिळला जातोच जातो, म्हणून तिथे मोठ्याने ‘बारा’ म्हणा. लाजू नका.

खालीपासून उचलायची असेल तर मोजायच्या मात्रा 9: 9 ते 16 आणि पुढची सम. तीन मात्रांचा ‘तिट कत धा’ बिनदम तीनदा. ही बेदम तिहाई.

उरलेल्या मात्रा विषम आल्या तर दमात अर्धी मात्रा येते. चार मात्रांचा तुकडा 17 मध्ये बसवाल तर दम अडीच मात्रांचा. सुरुवातीला असले तुकडे टाळाच.

झपतालात (10 मात्रा) 11 मोजा: तुकडा तीनचा, दम एक. रूपकात (7 मात्रा) 8: तुकडा दोनचा, दम एक. फक्त रूपकाची सम खालीवर असते, तिथे टाळी शोधत बसू नका.