फोनवरून सांगता येईल अशी एक ओळ

रात्री साडेअकराला चिपळूणच्या एका रुग्णालयातून फोन आला. "ताई, केसपेपर निघत नाहीये. खिडकीवर रांग लागलीय." मुलगा त्या रुग्णालयात रुजू होऊन तीन महिने झालेले. पावसानं बाहेरची लाइन तुटली होती, त्यामुळे सांगलीत बसून मला लॉगिन करता येणार नव्हतं. तो सर्व्हरसमोर, मी फोनवर. लिनक्सच्या ज्या एकेका ओळीच्या कमांड मी त्या रात्री सांगितल्या, त्या इथे तशाच बोलून लिहिते आहे, म्हणजे तुम्हालाही कुणाला सांगता येतील.

आधी बोलायची पद्धत ठरवून घ्या. स्पेस असेल तिथे "स्पेस" म्हणायचं. कॅपिटल अक्षर असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. पाइपला (|), म्हणजे एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणाऱ्या चिन्हाला, मी "उभी रेघ" म्हणते, चुकत नाही. आणि समोरच्यानं ओळ परत वाचून दाखवल्याशिवाय एंटर नाही. कितीही घाई असली तरी हे सोडू नका.

पहिली ओळ नेहमी तीच: डी-एफ, स्पेस, डॅश एच. डिस्कच्या कुठल्या भागावर (पार्टिशनवर) किती जागा उरली ते दिसतं. लगेच दुसरी: डी-एफ, स्पेस, डॅश आय. ही जागा नाही, आयनोड म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी मोजते. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी4 या फाइल सिस्टीममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो बारीक सेशन फाइल साचल्या की जागा मोकळी असूनही "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" हाच संदेश येतो, आणि माणूस मोठ्या फाइल शोधत बसतो. म्हणून दोन्ही ओळी जोडीनं चालवायच्या.

आमच्याकडे आयनोड ठीक होते. स्लॅश व्ही-ए-आर मात्र शंभर टक्के भरलेलं. मुलगा म्हणाला, "ताई, मी मघाशीच चौदा जीबीची लॉग फाइल आर-एम केली. तरी शंभरच दाखवतंय."

लॉग म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची नोंद लिहितो ती फाइल, आणि आर-एम म्हणजे पुसणं. त्याला पुढची ओळ दिली, तिच्यातलं सुडो म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या हक्कानं चालवणं: सुडो, स्पेस, डी-यू, स्पेस, डॅश एक्स एच, स्पेस, डॅश डी, स्पेस, 1, स्पेस, स्लॅश व्ही-ए-आर, स्पेस, उभी रेघ, स्पेस, सॉर्ट, स्पेस, डॅश एच. एक्समुळे शोध त्याच पार्टिशनवर राहतो, आणि डी 1 म्हणजे एकच पायरी खाली. सॉर्टचा डॅश एच 900के आणि 2जी यांत मोठं कोण ते ओळखतो. हा पर्याय जीएनयूच्या सॉर्टमध्ये 2009 साली आला. त्याहून जुनं मशीन असेल तर डी-यूला एच ऐवजी के आणि डॅश डी 1 ऐवजी डॅश डॅश मॅक्स डॅश डेप्थ इक्वल्स 1 द्या, आणि सॉर्टला डॅश एन.

डी-यूची बेरीज आली सव्वीस जीबी आणि डी-एफ म्हणत होतं चाळीस. ही चौदाची तफावत हेच निदान. आर-एम फक्त डिरेक्टरीतलं नाव काढतं. एखाद्या चालू प्रोग्रामनं ती फाइल उघडून धरलेली असेल, तर तो ती सोडेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा परत देत नाही. डी-यू नावांवरून मोजतं, त्याला ती फाइल दिसतच नाही.

अशी फाइल कुणी धरलीय ते सांगणारी ओळ मला फार प्रिय आहे: सुडो, स्पेस, एल-एस-ओ-एफ, स्पेस, प्लस, कॅपिटल एल, 1. ज्यांना आता एकही नाव उरलेलं नाही, पण ज्या अजून उघड्या आहेत, अशा फाइल ती दाखवते. पीआयडीच्या (चालू प्रोग्रामचा क्रमांक) रकान्यात 2214 होतं आणि एफडीच्या (त्यानं उघडलेल्या फाइलचा क्रमांक) रकान्यात 4डब्ल्यू. म्हणजे नंबर 4, लिहिण्यासाठी उघडलेली.

सरळ उपाय म्हणजे ती सर्व्हिस रीस्टार्ट करणं. पण तिच्यावर अपघात विभागाच्या नोंदी चालू होत्या, आणि अर्धवट नोंद तुटणं मला मान्य नव्हतं. अशा वेळी आधी सुडो, स्पेस, डॅश आय देऊन रूट, म्हणजे मुख्य वापरकर्ता, व्हा. साध्या सुडोनं पुढचं चालत नाही, कारण उत्तर फाइलमध्ये लिहिणारं "मोठ्याचं चिन्ह" (>) तुमचा स्वतःचा शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, हाताळतो, सुडो नाही. मग शेवटच्या ओळी वाचवा: टेल, स्पेस, डॅश एन, स्पेस, 1000, स्पेस, स्लॅश पी-आर-ओ-सी, स्लॅश 2214, स्लॅश एफ-डी, स्लॅश 4, स्पेस, मोठ्याचं चिन्ह, आणि पुढे जागा असलेल्या दुसऱ्या पार्टिशनवरच्या नव्या फाइलचं नाव. प्रोग्राम जिवंत असेपर्यंत पुसलेली फाइलसुद्धा या वाटेनं वाचता येते. चुकून पुसलेली मोलाची फाइल याच जागेवरून सी-पीनं पूर्ण परत मिळवता येते, म्हणून घाबरून सर्व्हिस बंद करू नका.

त्यानंतर रिकामी करायची: कोलन, स्पेस, मोठ्याचं चिन्ह, स्पेस, आणि तोच पी-आर-ओ-सीचा पत्ता. डी-एफ पुन्हा चालवलं तर पासष्ट टक्के. फोनवर मागून कुणीतरी "निघाला, निघाला" म्हणालेलं मला ऐकू आलं.

चालू लॉग पुसायचा नसतो, रिकामा करायचा असतो: ट्रंकेट, स्पेस, डॅश एस, स्पेस, 0, स्पेस, फाइलचं नाव. नंतर एल-एस डॅश एल जुनाच मोठा आकडा दाखवत राहिलं तर डी-यूनं बघा. काही प्रोग्राम जुन्या जागेपासूनच पुढे लिहितात, आधीचा भाग पोकळ असतो आणि डिस्कवर जागा घेत नाही.

जुन्या फाइल काढायच्या असतील तर: फाइंड, स्पेस, डिरेक्टरीचं नाव, स्पेस, डॅश टाइप, स्पेस, एफ, स्पेस, डॅश एमटाइम, स्पेस, प्लस 30. हे पूर्ण चोवीस तासांचे दिवस मोजतं, म्हणून प्लस 30 म्हणजे किमान एकतीस दिवस जुन्या. यादी डोळ्यांनी वाचा. मगच वरचा बाण दाबून ओळीच्या अगदी शेवटी स्पेस, डॅश डिलीट जोडा. फाइंड डावीकडून उजवीकडे जातं. डिलीट आधी लिहिलं तर अटी तपासण्याआधीच सगळं पुसलं जाईल. हे मी प्रत्येक नव्या माणसाकडून तीनदा म्हणवून घेते.

वेब सर्व्हरवर कुठून विनंत्यांचा मारा होतोय ते बघायला बहुतेक जण ऑक ही कमांड वापरतात. फोनवर महिरपी कंस आणि डॉलर चुकतात, म्हणून मी कट सांगते: कट, डॅश डी, अवतरणचिन्हांत एक स्पेस, डॅश एफ 1, लॉगचं नाव, उभी रेघ, सॉर्ट, उभी रेघ, युनिक डॅश सी, उभी रेघ, सॉर्ट डॅश आर एन, उभी रेघ, हेड. युनिकचं स्पेलिंग यू-एन-आय-क्यू, एवढंच. ते फक्त लागून आलेल्या सारख्या ओळी मोजतं, म्हणून आधीचा सॉर्ट गाळू नका. ही उभी रेघ लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये 1973 साली आली. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग मॅकिलरॉय यांनी कल्पना लावून धरली आणि केन थॉम्प्सन यांनी ती एका रात्रीत बसवली. शिकवताना एकेक रेघ जोडत जा, प्रत्येक टप्प्यावर काय बाहेर येतं ते दाखवा.

सकाळी आम्ही वाचवलेल्या हजार ओळी पाहिल्या. एकच डीबग संदेश पुन्हा पुन्हा. अपडेटनंतर ते सेटिंग चालूच राहिलं होतं, आणि त्या लॉगची लॉगरोटेटमध्ये, म्हणजे जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोंदच नव्हती. मुलानं ई-टी-सीमधल्या लॉगरोटेट डॉट डी मध्ये नवी फाइल लिहिली, कॉपीट्रंकेट (लॉगची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणारा पर्याय) घातलं, आणि सुडो, स्पेस, लॉगरोटेट, स्पेस, डॅश डी, स्पेस, त्या फाइलचा पत्ता असं चालवून दाखवलं. डॅश डी असताना प्रत्यक्ष काहीच हलत नाही, काय होईल तेवढं कळतं. या वेळी ओळ त्यानंच मला वाचून दाखवली, स्पेससकट.