चेंबर ऑपेराची संहिता: शब्द निम्मे करा

चेंबर ऑपेरा म्हणजे मोजक्या गायक-वादकांचं, गाऊन सादर होणारं नाटक. बोलायला एक मिनिट लागणारा मजकूर गाताना सहज दोन-तीन मिनिटं खातो. तासाभराची संहिता नाटकासारखी भरगच्च लिहिली, की कात्री संगीतकाराच्या हाती जाते आणि ती बहुधा नको तिथे चालते. म्हणून आधी प्रसंगांचा सांगाडा एकत्र बसून पक्का करा, ओळी नंतर.

प्रत्येक ओळ मोठ्याने, रेंगाळत म्हणून पाहा. सूर जिथे चढणार, तिथे 'आ'सारखा मोकळा स्वर असलेला शब्द हवा. अगदी वरच्या पट्टीत सोप्रानोचा (सर्वांत उंच आवाजाच्या गायिकेचा) 'इ' आणि 'उ' वेगळा ओळखू येत नाही. त्यामुळे कथा ज्यावर उभी आहे ती माहिती (नाव, नातं, कोण मेलं) मधल्या पट्टीत, साथ विरळ असताना येऊ द्या. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या चेंबर ऑपेरामध्ये (१९५४) वादक अवघे १३ आहेत. पण शब्द बुडवायला तेवढेही पुरतात.

दोघं एकदम गाणार असतील, तर त्यांच्या ओळी आधी एकेकट्याने ऐकवून घ्या. यमक जुळलं तर ठीक, हट्ट नको. आणि 'मला भीती वाटतेय' ही ओळ सर्वांत आधी कापा. ते काम चेलो या तंतुवाद्याचं.