दम्याच्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायला निघताय? आधी क्यूआर कोणाचा आहे ते बघा

सगळ्यात आधी हेच सांगते, बाकीचं नंतरही शिकता येतं. देणगीचा एकही रुपया स्वतःच्या बँक खात्यात घेऊ नका. स्वतःच्या नाही, बहिणीच्या नाही, गटप्रमुखाच्याही नाही. समोरची व्यक्ती कितीही घाईत असो, 'तुझ्याच नंबरवर टाकतो, तू पुढे पाठवून दे' असं कितीही मायेनं म्हणो, हात जोडा आणि नाही म्हणा.

मी स्वतः यात सापडले होते, म्हणून इतक्या जोरात सांगतेय. नागपुरात धरमपेठेतल्या एका इमारतीत संस्थेच्या क्यूआरवर पैसे जाईनात. लोक दारात फोन हातात घेऊन उभे. सोबतचे ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "तुझा दाखव, संध्याकाळी एकत्र भरून टाकू." तसंच केलं. संध्याकाळी सगळी रक्कम संस्थेच्या खात्यात गेली, रुपयाचाही फरक नव्हता. मार्चमध्ये त्याच इमारतीतून फोन सुरू झाले: ताई, आमचं ८०जीचं, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवायला लागणारं सर्टिफिकेट कुठे आहे? संस्थेच्या बँक पासबुकात त्या दिवशीची एकच नोंद होती आणि देणगीदार म्हणून नाव होतं माझं.

हे नीट समजून घ्या, कारण पावती फाडली म्हणजे काम झालं असंच अजून पुष्कळांना वाटतं. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ते तसं राहिलेलं नाही. संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याकडे भरावी लागते. कोणी दिले, त्याचा पॅन किंवा तसा ओळख क्रमांक, पत्ता, रक्कम, रोख की बँकेतून, हे सगळं तीत असतं. त्या यादीतूनच ज्याला सगळे १०बीई म्हणतात ते प्रमाणपत्र निघतं आणि वजावट मिळते ती त्यावर. माझ्या खात्यातून आलेली रक्कम हिशेबनीस दुसऱ्या पंधरा लोकांच्या नावांवर वाटू शकत नाही. बँकेचा कागद एक सांगतो आणि यादी दुसरं, असं तपासणीत दिसलं तर अडचण संस्थेची होते. आणि तुमच्या खात्यात अनोळखी लोकांकडून एकाच दिवशी आलेल्या रकमांचा खुलासा करायची वेळ आली, तर तो तुमच्यावरच येतो. शेवटी संस्थेनं ती रक्कम मला परत केली, मी प्रत्येकाला परत केली आणि 'आता संस्थेच्या खात्यात टाका' म्हणून पुन्हा विनंती केली. काहींनी टाकले. काहींनी पुन्हा फोन उचलला नाही. एका सोसायटीत शंका आली की ती व्हॉट्सॲपवरून शेजारच्या चार सोसायट्यांत जाते, आणि तिथे पुढच्या वर्षी दार उघडत नाही. चोरी कोणी केली नव्हती, तरी दार बंद होतंच. आजही ती इमारत दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून निघण्याआधी संस्थेचा क्यूआर स्वतः स्कॅन करा, एक रुपया टाका आणि पडद्यावर नोंदणीतलंच नाव येतंय का ते बघा. ऐनवेळी चाललाच नाही तर देणगीदाराचं नाव, नंबर आणि पॅन लिहून घ्या, बँकेचा तपशील संध्याकाळी संस्थेकडून जाऊ द्या. अशा वेळी निम्मे लोक पैसे टाकत नाहीत. न टाकोत. उरलेल्या निम्म्यांचे पैसे बिनघोर असतात. रोख घेतलीत तर पावती तिथल्या तिथे, रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. रद्द झालेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या, फाडून फेकू नका. रोख २,००० रुपयांच्या वर गेली की त्यावर वजावट मिळत नाही, हे इतवारीतल्या व्यापाऱ्याला आधीच सांगा. नंतर कळलं तर तो तुम्हालाच बोलेल आणि त्याचं चुकणार नाही. दुकानाच्या गल्ल्यावर डबा ठेवण्याची कल्पनाही पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला सुचते. निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या तर संस्थेला त्यावर ३० टक्के कर लागतो. डबा ठेवायचा की नाही ते संस्थेला ठरवू द्या.

वजावटीचं आमिष दाखवू नका. साधारणपणे ती निम्म्या रकमेवर असते आणि जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच मिळते. आता बहुतेक नोकरदार नव्या पद्धतीत आहेत, त्यांना काहीच मिळत नाही. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण बाजारात अजून ८०जीच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. कोणाचा मुलगा अमेरिकेत असेल आणि त्याला तिथून देणगी पाठवायची असेल तर त्याचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय नागरिक असेल तर त्याची स्वतःची कमाई बँकेतून येऊ शकते. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा परकीय देणगी ठरतो आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो घेता कामा नये. आणि 'कशाला हवी संस्था, आपण चार मित्र मिळून गोळा करू' हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. गणपतीच्या वर्गणीसाठीसुद्धा धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ कची परवानगी लागते. आजारी मुलांच्या नावानं पैसे मागताना तरी ती पायरी गाळू नका.

एवढं वाचून घाबरला असाल तर जरा थांबा. हे सगळं एका दुपारी शिकता येतं. मला अवघड गेलं ते दारातलं बोलणं.

मला लहानपणापासून दमा आहे. तरी पहिल्यांदा 'दम्याच्या मुलांसाठी पैसे हवेत' म्हणताना माझा आवाज बसला होता. मागायची लाज फार खोलवर असते. ती जाते असं मी म्हणणार नाही, माझी अजून गेलेली नाही. पण पुढच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे हे माहीत असलं की बोलता येतं. म्हणून आधी दम्याबद्दल शिका. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत असा अंदाज आहे, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. आजार आपल्याकडे वेगळा नाही. औषध रोज घेतलं जात नाही, म्हणून माणसं जातात. दारात एकच वाक्य बोलायला वेळ मिळाला तर हे बोला.

सक्करदऱ्यात एक आजोबा मला म्हणाले होते, "पंपाची सवय लागते म्हणते ना जी, मंग कायले देता लेकराले?" हा प्रश्न प्रत्येक मोहल्ल्यात येतो. पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड अगदी कमी मात्रेत थेट श्वासनलिकेत जातं आणि तिथली सूज कमी करतं. सूज उतरली की झटके कमी येतात. निळा पंप वेगळा. तो आवळलेली नळी काही तासांपुरती मोकळी करतो, सूज तशीच राहते. नुसत्या निळ्या पंपावर उपचार चालवू नयेत असं 'जिना' या जागतिक दमा उपक्रमाच्या मार्गदर्शनात २०१९पासून स्पष्ट म्हटलेलं आहे. पैसे मात्र निळ्या पंपाच्या नावानं पटकन मिळतात, कारण 'एका फवाऱ्यात मुलाला श्वास मिळाला' हे लगेच डोळ्यांपुढे येतं. रोजचा पंप, त्याला जोडायचा स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून लावायचं नळकांडं), तो धरायला शिकवणारी नर्स, महिन्याने पुन्हा तपासणी, यासाठी मागताना दोन मिनिटं जास्त बोलावं लागतं. ती दोन मिनिटं बोला. 'तुमच्या पैशातून अमुक मुलाला अमुक पंप' असं वचन देऊ नका, पैसा सगळ्या कामाला लागतो असं सरळ सांगा.

हैदराबादच्या मासोळीच्या औषधाचा विषयही निघतोच. मृगाला इथून गाड्या भरून माणसं जायची, अजूनही जातात. कोजागिरीला औषधी खीर देणारेही आहेत. यावर दारात वाद घालू नका. "काकाजी, तिथे जाऊन आलात तरी रोजचा पंप बंद करू नका" एवढंच म्हणा, त्यात त्यांचा मान राहतो आणि लेकराचा श्वासही. पण आपल्या तोंडून 'दमा कायमचा बरा करतो' हे शब्द कधीच येऊ देऊ नका. तसा दावा औषधाच्या नावानं करायला कायद्यानंच मनाई आहे, अशी मनाई असलेल्या आजारांच्या यादीत दमा आहे. दमा ताब्यात राहतो आणि ताब्यात असला की मूल धावतं, पोहतं, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतं. हे खरं आहे आणि पुरेसं आहे. धाप लागलेल्या मुलाचा फोटो पत्रकावर छापू नका. त्या मुलाला उद्या वर्गात बसायचं असतं. मुलीचा असेल तर घरचे तिचा आजार लग्नापर्यंत लपवतात, तुमच्या पत्रकामुळे ते औषधही लपवू लागतील.

कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोचा धूर हे विषयही लोक काढतात. त्यांचा राग योग्य आहे, ऐकून घ्या. आपल्या देणगीनं हवा साफ होणार नाही हेही सांगा. धूळ, धूर, सर्दीपडसं, चुलीचा धूर, दमा चाळवणारी कारणं अनेक आहेत.

जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतो, म्हणजे नागपुरात ४३-४४ अंशांत. नवीन मुलांना उत्साहात दुपारी बर्डीच्या बाजारात उभं करणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. तुम्ही जाऊ नका. सकाळी सहा ते साडेआठ अंबाझरी, फुटाळा, ट्रॅफिक पार्क, मग सरळ घरी. संध्याकाळी सोसायट्या. महालात आणि इतवारीत बोहनी व्हायच्या आत पैसे मागू नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. तिथे हिंदीत बोलायची तयारी ठेवा. गटात कोणाला दमा असेल तर त्याला दिवाळीच्या आठवड्यात रस्त्यावरचं काम देऊ नका, आणि त्याच्या खिशात स्वतःचा पंप आहे का ते निघताना विचारा. मला कोणी विचारत नसे.

गुरू कोणाला करायचं? माझं ठाम मत आहे: माइक हातात असलेल्या माणसाला नाही. 'माझी ओळख आहे, एका फोनवर लाखभर मिळवून देतो' म्हणणाऱ्यांच्या मागे कित्येक संध्याकाळी जातात, बहुतेकदा हाती एक सत्कार लागतो. संस्थेच्या कार्यालयात पावत्या जुळवत बसणाऱ्या हिशेबनीस बाई किंवा काका असतात, त्यांच्याशेजारी एक दिवस बसा. पैसा कसा येतो, कुठे अडतो आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं ते तिथेच दिसतं. दौड, टी-शर्ट, मंच यांना माझा विरोध नाही. पण मंडप आणि पाहुण्यांच्या खर्चानंतर हातात काय उरलं ते विचारायला लाजू नका. मिहान किंवा बुटीबोरीच्या मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी, हे नवख्यानं दारोदार फिरून मिळवायचं काम नाही. त्यासाठी संस्थेचे तीन वर्षांचे ताळेबंद आणि सीएसआर-१ ही त्या निधीसाठीची सरकारी नोंदणी लागते. ते विश्वस्तांवर सोडा.

तुमचं खरं काम जुलैत येतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पावसात झटके वाढतात आणि मेमधला उत्साह विरलेला असतो. तेव्हा ज्यांनी शंभर-दोनशे रुपये दिले होते त्या प्रत्येकाला फोन करा. पैशाचं काय झालं ते सांगा: इतके स्पेसर घेतले, इतक्या मुलांना पंप धरायला शिकवला, आकडे संस्थेकडून लिहून घेऊन. सर्टिफिकेट मिळालं का ते विचारा. मग महिन्याला दोनशे रुपये बँकेतून आपोआप जातील अशी सूचना ते लावून देतील का, हे विचारा. रोजचा पंप दर महिन्याला संपतो, म्हणून दर महिन्याला येणारे दोनशे एकदाच आलेल्या पाच हजारांपेक्षा संस्थेला जास्त उपयोगी पडतात. बरेच जण नाही म्हणतील. त्यांची नावं खोडू नका, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा त्यांच्याकडेच जायचं आहे.